मागं हात पोचला पाहिजे

बोटीच्या छताचं अस्तर लोंबत होतं. पांढरं रेक्झिनसारखं कापड, त्याला मागून फोमचा पातळ थर, आणि हे सगळं फायबरग्लासला डिंकाने चिकटवलेलं. पन्नास वर्षांत त्या फोमचा भुगा झाला आणि कापडाला धरायला काही उरलं नाही. बाकावर बसलं की डोक्याला लागायचं. मी एक कोपरा ओढला, तर अख्खी पट्टी खाली आली आणि केसात, कॉलरमध्ये, पापण्यांवर तपकिरी चिकट भुकटी पडली. काम सुरू झालं ते त्या दिवशी. त्याआधी मी फक्त गाद्या बदलणार होते.

बोट वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी, १९७३ सालची. लॉरंट जाइल्स यांच्या कचेरीत आखलेली ही बोट १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून जास्त संख्येने बनली आणि इंग्लंडच्या प्रत्येक खाडीत आजही दिसते. ती जिथे बनत ते वॉटरलूविल माझ्या घरापासून मोटारने वीस मिनिटांवर आहे. तिला खाली मधोमध एक कणा नसून दोन बाजूंना दोन आखूड पाय असतात, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ती चिखलावर सरळ उभी राहते. आमची फेरहॅमची खाडी, म्हणजे पोर्ट्समथ बंदराचं वरचं टोक, ओहोटीला जवळजवळ कोरडी पडते. इथे अशीच बोट हवी. २०२२च्या ऑक्टोबरात मी ती अकराशे पौंडांना घेतली.

माझे वडील रत्नागिरीला असतात. वय अठ्ठ्याहत्तर. सुतार. फायबरच्या होड्या येण्याआधी त्यांनी आयुष्यातली पंचवीस वर्षं लाकडी होड्यांवर काम केलं. आता नजर कमी झालीय, पण व्हिडिओ कॉलवर मी फोन लाकडाजवळ धरला की ते सांगतात, "बाय, जरा ठोकून दाखव." स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. चांगलं लाकूड टणटण वाजतं, कुजलेलं भद्द. हजारो मैलांवरून, फोनच्या बारीक आवाजात, त्यांना तो फरक माझ्याआधी कळायचा.

अस्तर काढायला चार शनिवार-रविवार लागले. कापड सहज निघतं, खरी मेहनत मागे उरलेल्या डिंकाच्या आणि फोमच्या थराची. आधी खरवडणी, मग ड्रिलला तारेचा ब्रश. ज्यांना हे करायचंय त्यांना कळकळीने सांगते, साधा कापडी मास्क चालत नाही. एफएफपी३ दर्जाचा घ्या, डोळ्यांना बंद गॉगल घ्या, आणि अंगावर टाकून देता येईल असा डगला. मी पहिल्या दिवशी गॉगल घातला नाही आणि रात्रभर डोळे चोळत बसले.

पण छत उघडं पडलं आणि मला बोट पहिल्यांदा दिसली. वर डेकवर जे जे काही बसवलेलं असतं, म्हणजे हाताने धरायच्या पट्ट्या, कठड्याचे खांब, दोर गुंडाळायचे खुंट, त्या प्रत्येकाचे बोल्ट डेकमधून आरपार येऊन आत नटाने आवळलेले असतात. अस्तराने हे सगळे नट झाकून टाकले होते. त्यातल्या कितीतरींच्या भोवती गंजाचे ओघळ. कठड्याच्या एका खांबाचं पाणी बोल्टवरून आत यायचं, अस्तराच्या मागून उतरत मीटरभर पुढे जायचं आणि खिडकीखालच्या कपाटात टपकायचं. आधीच्या मालकाने त्या कपाटात सिलिकॉनच्या नळ्याच्या नळ्या ओतल्या होत्या. पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरत नाही. हे कळायला अस्तर उतरावं लागलं.

त्या पाण्याने मधली आडवी भिंत खाल्ली होती. भिंत म्हणजे बल्कहेड, बोटीच्या दोन्ही बगलांना आतून धरून ठेवणारी प्लायची फळी. खिडकीच्या खालच्या हातभर भागात पटाशी लोण्यात जावी तशी जात होती. बाबांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या होडीत आतून भिंतच नसायची गो. वाकी, म्हणजे फासळ्या, उघड्या, फळ्या उघड्या. बसायची फळी उचलली की तळ दिसायचा. पाणी कुठनं येतंय ते बसल्या जागी कळायचं. तू जे काय बांधशील ते बांध, पण मागं हात पोचला पाहिजे."

पुढचं सगळं काम मी या एका वाक्यावर केलं.

भिंतीचा कुजलेला भाग कापून काढला. त्यावरून नमुना घेता आला नाही, कारण तो हातात तुकड्यातुकड्यांनी आला. आणि बोटीत काटकोन कुठेच नसतो. घरात भिंत ओळंब्यात असते, जमीन सपाट असते, गुण्या लावला की कळतं. इथे बोट स्वतःच धक्क्यावर ठोकळ्यांवर थोडी कललेली, त्यामुळे लेव्हल लावून मिळणारं उत्तर चुकीचं. बगल वरून खाली वळते आणि पुढून मागेही वळते. मोजपट्टीने मी दोनदा माप घेतलं आणि दोन्ही वेळा पुठ्ठा चुकला.

बाबांनी पट्टीची रीत सांगितली. नंतर पाहिलं तर इथले जुने कारागीरही तीच वापरतात. हातभर लांबीची पातळ लाकडी पट्टी घ्यायची, एक टोक टोकदार करायचं, आणि एका कडेला दोन-तीन वेगवेगळ्या खाचा पाडायच्या. जिथे नवी फळी बसणार त्याच पातळीत एक टाकाऊ पुठ्ठा किंवा फळकूट घट्ट अडकवायचं. मग पट्टीचं टोक बोटीच्या बगलेला टेकवायचं आणि पट्टीची खाचांची कडा पुठ्ठ्यावर पेन्सिलीने जशीच्या तशी उतरवायची. टोक दोन बोटं सरकवायचं, पुन्हा उतरवायची. प्रत्येक रेघेला नंबर. मी अशा एकतीस रेघा काढल्या. मग तो पुठ्ठा बाहेर आणून नव्या प्लायवर ठेवायचा, पट्टी एकेका रेघेवर तंतोतंत बसवायची, खाचांमुळे ती चुकीच्या जागी बसूच शकत नाही, आणि टोक जिथे येईल तिथे प्लायवर ठिपका. ठिपके जोडले की बोटीची बगल कागदावर नाही, थेट लाकडावर येते. यात मापाचा एकही आकडा लागत नाही. कापलेला तुकडा आत नेला आणि तो एका बाजूला पाच मिलिमीटरच्या फरकाने बसला. तेवढी फट मला हवीच होती.

हवी होती, कारण प्लायची कड फायबरग्लासला थेट टेकवायची नसते. टेकवली तर लाटेच्या माराने बगल त्याच एका रेघेवर वाकते आणि बाहेरून तिथे चिरा दिसतात. मध्ये फोमची पट्टी, दोन्ही बाजूंनी इपॉक्सीच्या, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या, पुट्टीने गोल कोपरा, त्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या. मूळ बांधणी पॉलिएस्टर रेझिनची आहे, पण जुन्या पॉलिएस्टरला नवं इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. म्हणून इपॉक्सी.

प्लाय बीएस १०८८ शिक्क्याचं घेतलं. एका फळीला शंभर पौंडांच्या वर गेले. या शिक्क्याचा अर्थ डिंक उकळत्या पाण्यातही सुटणार नाही आणि मधल्या थरात पोकळ्या नसतील. बांधकामाचं प्लाय निम्म्या किमतीत मिळतं आणि त्याचं काय होतं ते मी कापून बाहेर काढलं होतं. आठ बाय चारची फळी बोटीच्या दारातून आत जात नाही, तेव्हा भिंतीची डागडुजी दोन तुकड्यांत करून मागून चार इंची पट्टी चिकटवली. कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले. प्लायला पाणी लागतं ते तोंडावरून नाही, कडेवरून.

हे काम जानेवारीत केलं आणि ती चूक होती. रेझिन पाच भाग, हार्डनर एक भाग, हे प्रमाण तंतोतंत पाळूनही पाच अंश थंडीत ते मधासारखं जड होतं आणि दोन-दोन दिवस चिकटच राहतं. मी डबे गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवले, आत हीटर लावला. सुकल्यावर वर मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने धुवायचा आणि मगच पॉलिश पेपर मारायचा. न धुता मारला तर पेपर चिकटतो आणि पुढचा थर नीट धरत नाही.

सागवानाच्या जुन्या पट्ट्या मात्र मी एकही टाकली नाही. वरचं काळं व्हार्निश खरवडलं आणि रंधा फिरवला, तर आतून मधाच्या रंगाचं लाकूड आणि तो वास. आमच्या पडवीत यायचा तोच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७मध्ये बांधलेलं ट्रिंकोमाली हे मलबारी सागाचं जहाज अजून पाण्यावर आहे, हार्टलपूलला. त्याआधी कित्येक दशकं ते फूद्रॉयां या नावाने याच पोर्ट्समथ बंदरात उभं होतं, पोरांना दर्यावर्दी करायला. मी जिथे रंधा मारत होते तिथून खाडी सरळ त्याच पाण्याला मिळते. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "साग मरत नाही, त्याला श्वास ठेवा फक्त." गाद्यांखालच्या फळ्यांना मी त्यानंतर बोटभर व्यासाची भोकं पाडली. इथल्या थंडीत माणसाच्या उबेचं पाणी गादीच्या पोटाला धरतं आणि बुरशी येते.

आता छत. पुन्हा कापड चिकटवणं स्वस्त होतं आणि दोन दिवसांत झालं असतं. मी डेकच्या आतल्या अंगाला लाकडी पट्ट्या इपॉक्सीने बसवल्या आणि त्यांवर ४ मिलिमीटर प्लायची अकरा पॅनलं केली. प्रत्येकावर पातळ फोम, वर फिकट रंगाचं व्हिनाइल, मागच्या बाजूला स्टेनलेसच्या पिना. प्रत्येक पॅनल आठ स्क्रूंवर, डोक्याखाली पितळी वाटी. आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने मराठीत लिहिलंय, वर काय आहे: "डावा कठडा, दुसरा खांब, ४ बोल्ट." स्क्रू दिसतात. पाहायला येणारे विचारतात, झाकता आले नसते का? आले असते. मला ते दिसलेलेच आवडतात.

संडासाच्या पाण्याचा तळातला कॉक कुणीतरी बांधून काढलेल्या कपाटामागे गाडला होता. नळी फुटली असती तर तो बंद करायला करवत लागली असती. कपाटाला झडप केली आणि कॉकशेजारी योग्य मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलं. गॅस काढून टाकला. गॅस हवेपेक्षा जड, गळला की बोटीच्या तळात साचतो, आणि टाकीची बाहेर निचरा होणारी बंद पेटी करायला माझ्याकडे जागा नव्हती. स्पिरिटची शेगडी आहे. पिठलं व्हायला वेळ लागतो, होतं.

गाद्यांचं एवढंच सांगते की बगल बाहेरच्या बाजूला वर उघडत जाते, म्हणून गादीची त्या बाजूची कड तिरकी कापावी लागते, खाली अरुंद आणि वर रुंद. सरळ कापली तर मागे फट राहते आणि रात्री चष्मा त्यात जातो. शिवण घरच्या मशीनवर केली, जाड सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा. चेन मागच्या बाजूला.

गेल्या नोव्हेंबरात पहिल्यांदा पावसात बोटीवर झोपले. नवरा आणि मी. रात्री दोनच्या सुमाराला भरती आली, बोट चिखलातून सुटली आणि थोडी डोलली, आणि त्यानंतर टप, टप. टॉर्च लावला. सात नंबरच्या पॅनलच्या कडेला थेंब. आठ स्क्रू काढले, पॅनल खाली घेतलं, आणि मागे खुंटाच्या एका बोल्टवर पाणी गोळा होत होतं, आमच्या डोळ्यांदेखत. मी पाना घेऊन नट अर्धा फेरा आवळला. थेंब लहान झाला, थांबला नाही. त्या बोल्टला बाहेरून काढून नव्याने बसवायचंय, खाली पुट्टी भरून.

खाली एक वाटी ठेवली आणि आम्ही झोपलो. सात नंबरचं पॅनल अजून घरी, जिन्याखाली आहे.