आधी आपली माणसं नकोत का?

"बायबल उपऱ्यांवर प्रेम करायला सांगतं, ते ठीक आहे. पण आपल्याच लोकांना पुरत नसताना बाहेरच्यांना कुठून द्यायचं?" हा प्रश्न मला चर्चमधली माणसं विचारतात, शेजारीपाजारीही विचारतात. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा नीट सांगते.

ही आज्ञा भरल्या घरातल्या लोकांना दिलेली नाही. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटलेल्या आणि पुढे डोंगराळ मुलखात पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या इस्राएली लोकांसाठी ती आहे. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात कारणही दिलंय: तुम्हीही मिसर देशात उपरे होता. निर्गम या पुस्तकाचा 23 वा अध्याय आणखी आत जातो. परक्याच्या जिवाला काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहे, असं तो म्हणतो. ज्यांनी सोसलंय त्यांनाच हे सांगता येतं.

पण नियमशास्त्र (बायबलच्या सुरुवातीची नियमांची पुस्तकं) नुसत्या मायेवर सोडून देत नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात रोखठोक व्यवहार आहे. मजूर आपला असो की परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. शेतात पेंढी विसरली तर आणायला माघारी जाऊ नका. जैतून एकदा झोडपलं की पुन्हा झोडपू नका. मागे राहील ते परक्याचं, अनाथाचं आणि विधवेचं. तिघांची नावं एका दमात येतात. आधी आपली विधवा आणि उरलं तर परका, अशी रांग तिथे लावलेलीच नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

रूथची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दुष्काळात बेथलेहेम सोडून शेजारच्या मवाब देशात गेलेल्या घरातली ही मवाबी सून. विधवा झाल्यावर ती सासूबरोबर बेथलेहेमला येते. मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत (इस्राएली समाजात) घेऊ नका, असं अनुवादच्या 23 व्या अध्यायात आहे. (हेही बायबलच. पुढे एज्रा या धर्मगुरूच्या काळात परक्या बायकांना मुलांसकट घालवून द्यायचं ठरलं, तेही त्यातच आहे. ते पान माझ्याच्याने वाचवत नाही.) तरीही रूथ सातूच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचायला जाते. शेताचा मालक बवाज आधी गड्यांना बजावतो, हिला हात लावू नका. तिला म्हणतो, तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी पी. जेवायला सगळ्यांबरोबर बसवतो. मग गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या आणि ती वेचताना तिला दटावू नका.

परमुलखातली एकटी बाई भर शेतात वाकून वेचते आहे, तिला धान्याइतकीच भीती नसण्याचीही गरज आहे, हे बवाजाला कळतं. तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. दिवसभर राबून ती एफाभर (एफा हे धान्याचं मोठं माप) सातू घरी नेते. पुढे ती दावीद राजाची पणजी झाली, आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घातलं.

आपल्या कोकणातही असं घडलंय. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, पूर्वज लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत. लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटलं आणि आपल्यात राहू दिलं. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावं आली, मराठी त्यांची घरची भाषा झाली. त्या किनाऱ्यावरच्या गावांकडेही काही जास्तीचं नव्हतं.

तुमच्या सोसायटीत सध्या प्लास्टरचं काम चालू आहे आणि मजूर झारखंडचे आहेत, असं तुम्हीच म्हणालात. ठेकेदाराला एकदा विचारा, त्यांची मजुरी वेळेवर हातात पडते का. आणि पिण्याचं पाणी ते कुठून भरतात, तेही बघा.