तिथीची पाऊणपट

स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी सांगाव्यात असा रिवाज आहे. पण शाळेचं ऋण मानतो म्हणूनच, आजच्या वर्गांच्या उपयोगी पडेल असं माझ्या कामातलं काही लिहितो. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाणाऱ्या मुलांना शिकवणं हे माझं काम.

एकादशीला भरती किती वाजता? कोळीवाड्यातलं पोर चटकन सांगतं. तिथीची पाऊणपट करायची; अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणून सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. तेच पोर वहीत 11 × 3/4 मांडताना अडखळतं आणि वर्गात 'ढ' ठरतं. वास्तविक अध्ययन अक्षमतेचं निदान करताना बुद्ध्यांक तपासतात, आणि तो सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त नसेल तर ते निदान सहसा होत नाही. पालकांना ही एवढी गोष्ट समजावून सांगितली तरी घरातली बोलणी निम्मी कमी होतात.

चुका कुठे होतात ते पाहा. 'दर्या' म्हणताना र आधी ऐकू येतो, पण रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'किनारा'मधली वेलांटी ऐकू येते क नंतर, काढायची मात्र क च्या आधी. कानाचा क्रम आणि हाताचा क्रम जुळत नाही, तिथे मूल घसरतं. अशा वेळी दहा वेळा लिहायला लावून काही साधत नाही, चूकच घोटली जाते. जमिनीवर तीन शिंपले ठेवा: द, र, या. शब्द सावकाश म्हणत एकेकावर बोट ठेवायला सांगा. मग मुलाने स्वतःच्या हाताने र चा शिंपला उचलून या च्या डोक्यावर ठेवायचा आणि त्यानंतरच पाटीवर लिहायचं. रोज दहा मिनिटं पुरे. त्याच आठवड्यात 'दऱ्या' शिकवायला घेऊ नका, दोन्हींचा गोंधळ होतो. आणि कोळी बोलीतलं मूल 'पानी' लिहीत असेल तर ती त्याची बोली आहे. तेवढ्यावरून अक्षमतेचा शिक्का मारू नये.

वाचनाची पाळी जवळ आली की काही मुलांच्या पोटात दुखतं, काही दंगा करतात. वांड म्हणवून घेणं त्यांना परवडतं, ढ म्हणवून घेणं नाही. क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. ही चाचणी तुमची बौद्धिक क्षमता मोजते, असं सांगितल्यावर त्यांची कामगिरी घसरली. समाजाने मारलेला शिक्का खरा ठरेल या धास्तीतच डोकं गुंतून पडतं. म्हणून उतारा आदल्या दिवशीच द्या, पाचच ओळींचा. 'शाब्बास' मोघम होतं, मुलाला ते पटत नाही. 'आज तिन्ही रफार जागच्या जागी आहेत' हे पटतं, कारण ते त्याला वहीत दिसतं.

आणखी एक शिक्का आहे, गोड बोलून मारलेला: 'हाताने हुशार आहे, याला होडीवर नाहीतर आयटीआयला घाला.' जाळं विणता येतं म्हणून पुस्तक बंद करायचं, हा अन्याय आहे. ते पोर पाऊणपट तोंडी करतं. मग तिथूनच कागदावर आणा. अकराचे चार भाग, त्यातले तीन.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र मुलं त्या नाकारतात, कारण वेगळ्या खोलीत बसलं की सगळ्यांना कळतं. शिवाय लेखनिक पहिल्यांदा भेटतो तो थेट बोर्डाच्या पेपरला! अनोळखी माणसाला 'प्रश्न पुन्हा वाचा' म्हणायला मूल लाजतं आणि अर्धवट ऐकून उत्तर देतं. आठवीच्या सहामाहीपासून लेखनिकासोबत सराव हवा: आधी मुद्दे तोंडी सांगायचे, मग वाक्यं, 'इथे नवा परिच्छेद' हेही सांगायचं आणि शेवटी लिहिलेलं सगळं वाचून घ्यायचं. सहामाहीला ती खोली सवयीची झाली की दहावीला मूल तिथे मान वर करून जातं.