डोंगर नसलेल्या गावात पायवाटा कशाला?

"सोलापुरात ना डोंगर, ना जंगल. मे महिन्यात पारा 42च्या वर. इथं पायवाटांचं जाळं कुणासाठी?" असं भेटेल तो विचारतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

चालायला आपल्याला कुणी शिकवायला नको. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी 12व्या शतकात स्थापलेल्या 68 लिंगांची प्रदक्षिणा संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत आजही होते. कोजागरीला हजारो लोक साधारण 45 किलोमीटर चालून तुळजापूर गाठतात. पण हे चालणं डांबरावरचं, तेही वर्षातून एकदा.

खऱ्या वाटा गावनकाशात आहेत. जुना नकाशा उलगडा, तुटक रेषांचे गाडीमार्ग, पायमार्ग, दोन गावांच्या शिवेवरचे शिवरस्ते दिसतील. जागेवर जा, तिथं ऊस उभा! दरवर्षी नांगराचं एखादं तास वाटेत घुसतं आणि वाट आक्रसत जाते. मग पावसाळ्यात काळ्या चिखलातून पोरं शाळेला जातात आणि तोडलेला ऊस वाहनापर्यंत डोक्यावरून न्यावा लागतो. जमीन महसूल संहितेचं कलम 143 शेतकऱ्याला बांधावरून वाट मागू देतं. हौशी फिरस्त्याला नाही. माझ्या मते ते योग्यच आहे. वाट आधी शेतकऱ्याची मोकळी व्हावी, आपण तिच्यावरून मागाहून चालावं.

फिरायला येणाऱ्यांचा फायदा नाही असं नाही. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम आहे, शके 940चा मराठी शिलालेख आहे. लोक गाडीतून उतरतात, फोटो काढतात, निघून जातात. गावात एक चहासुद्धा खपत नाही. चालत आलेला माणूस मात्र भुकेलेला असतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तो तिथंच मागतो.

नान्नजचा माळ मात्र या जाळ्यातून वगळायचा. तिथल्या माळढोक पक्ष्याला वर्दळ सोसत नाही, तिथं वाट न नेणं हीच सेवा.

राहिली सावली. लिंब, करंज, चिंच लावायला उत्साही मंडळी मिळतात, फलकही लागतो. दोन उन्हाळे पाणी कोण घालणार? ज्याच्या बांधाला वाट लागून आहे तोच. आणि तो घालेल, त्याचा ऊसही त्याच वाटेनं बाहेर पडत असेल तर.