नवोदयच्या परीक्षेची तयारी: माझा अनुभव

"हुशार पोर असेल तर ते तसंच पास होईल, तयारी कशाला करून घ्यायची?" हे मला गेल्या वर्षी बऱ्याच जणांनी ऐकवलं. ऐकवणारे बहुतेक मुंबईकर, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारे. त्यांची मुलं पहिली-दुसरीपासून कसल्या ना कसल्या स्पर्धा परीक्षांचे गोल काळे करत असतात, त्यामुळे ती त्यांना तयारी वाटतच नाही. माझी मुलगी मालवण तालुक्यातल्या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला होती. ओएमआर शीट, म्हणजे उत्तरांचे गोल पेनाने भरायचा तो कागद, तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

जवाहर नवोदय विद्यालयं १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या सुमारास सुरू झाली, खेड्यातल्या हुशार मुलांना चांगलं निवासी शिक्षण फुकट मिळावं म्हणून. आमच्या सिंधुदुर्गाचं विद्यालय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा बसू म्हणायची सोय नाही. हे वाचल्यावर माझ्यापुरता तयारीचा प्रश्न मिटला. एकाच संधीला मूल कोरं पाठवायचं, याला मी तरी न्याय म्हणणार नाही.

फॉर्मला पैसे पडत नाहीत. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला आणि फोटो-सह्या अपलोड करायच्या, बस. रेंज मात्र आमच्याकडे देवळाच्या घाटीवर गेलं तरच मिळते.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे, सगळे आकृत्यांचे, त्यांना ५० गुण. बाकी २० गणिताचे, २० उताऱ्यांवरचे. चुकलं तर गुण कापत नाहीत.

आकृत्यांमध्ये एक प्रकार असतो: घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलंय, तो उलगडला तर कसा दिसेल? हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गणपतीच्या मखराला लावायच्या रंगीत कागदाच्या जाळ्या ती काकाबरोबर बसून लहानपणापासून कापते. कुठे कात्री मारली की कुठे फूल उमलणार हे तिच्या बोटांना ठाऊक. आरशातली प्रतिमा मात्र सारखी चुकायची, म्हणून पुस्तक घेऊन कपाटाच्या आरशासमोर उभं राहायचं ठरलं. थोड्या दिवसांनी आरसा लागेनासा झाला.

खरी गंमत ओएमआर शीटची. झेरॉक्सच्या दुकानातून कोऱ्या शीट काढून आणल्या आणि बॉलपेन हातात दिलं. पहिल्याच गोलाला ती खोडरबर शोधायला लागली. खाडाखोड चालत नाही म्हटल्यावर रडकुंडीला आली. मग मधला एक प्रश्न येत नाही म्हणून सोडला आणि पुढचं उत्तर त्याच्याच गोलात भरलं. तिथून खालची सगळी उत्तरं एक-एक घर वर सरकलेली! पुस्तकात बरोबर, शीटवर चूक. हिच्या बुद्धिमत्तेचा यात काय संबंध? अशा पेपरातून हुशारी मोजायची तर हा अडथळा आधी बाजूला करायलाच हवा, आणि तो तयारीनेच बाजूला होतो.

पण त्या तयारीचा फायदा लवकर आटतो, हेही मी बघितलं. पहिल्या काही आठवड्यांत गुण भराभर वाढले, कारण प्रश्नांची ओळख झाली. त्यानंतर वाढले ते गणितात, तेही सावकाश. परीक्षा वर्ष संपायच्या आधी होते, वर्गात काही भाग शिकवून झालेलाच नसतो, तो घरी करून घ्यावा लागला. आकृत्या मात्र जिथे थांबल्या तिथे थांबल्या. तालुक्याच्या ठिकाणचा एक क्लास बघून आले होते. पहाटे सहाची बॅच, रविवारी दिवसभर टेस्ट, आणि भिंतीवर मुलांचे गुण लावलेले. फी ऐकायच्या आतच मी परतले. आम्ही संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर तासभर बसायचो. तेवढ्यावरही सासूबाईंचं चालूच असायचं, "एवढ्याशा चेडवाक कित्याक छळतंस गो? वायच खेळूक दी." मी ऐकून घ्यायचे. त्यांचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तो तास कधी दीडाचा केला नाही.

तिच्या वर्गातला वाडीतलाच एक मुलगाही बसायला यायला लागला. वडील ट्रॉलरवर खलाशी, महिना महिना समुद्रावर. नवोदय म्हणजे काय हे त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी गुरुजींना सांगून त्याचाही फॉर्म भरायला लावला.

एका गोष्टीच्या तयारीबद्दल कुणीच बोलत नाही. अकरा वर्षांचं मूल घर सोडून राहणार असतं. कपडे धुणं, वेणी स्वतःची स्वतः घालणं, ताटात पडेल ते खाणं. आमच्याकडे मासळीशिवाय जेवण झालं की ताटावर रुसवा! शिवाय नववीत तिथली साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात. हे आई-बाबांनी आधी एकमेकांशी आणि मग मुलाशी बोलून घ्यावं. आमच्या ह्यांना ते कळलं तेव्हा जेवता जेवता हात थांबला होता.

परीक्षा १८ जानेवारी २०२५ला झाली. बाहेर आल्यावर मुलीने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की एकही उत्तर सरकलेलं नाही.

निकालात त्या मुलाचं नाव होतं, तिचं नव्हतं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाडीभर सांगत फिरली की त्याला आरशातल्या आकृत्या तिनेच शिकवल्या, आणि ते खरंही होतं. सासूबाई म्हणाल्या, "बरा झाला, चेडू घराकच रवला." मला वाईट वाटलंच. पण अंधारात बाण मारायला पाठवली असती तर जे वाटलं असतं, ते नक्कीच नाही वाटलं. आणि फेब्रुवारीतल्या शिष्यवृत्तीच्या पेपरला ती बॉलपेन फिरवत, गप्पा मारत गेली.

मुलाच्या आईबरोबर त्याला सांगेलीला सोडायला आम्ही दोघी गेलो होतो. येताना गाडीत तिने विचारलं, "आई, आठवीत असताना नववीसाठी परत बसता येतं ना?" येतं. रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. तिला हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बघू, आधी सहावी तर होऊ दे."