टिटवी या एका नावातले दोन पक्षी : ध्वनिनोंदींची आजवरची वाटचाल

टिटवी हे नाव तिच्या ओरडण्यावरून पडले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्र आपल्याकडे हे एकच नाव दोन जातींना सर्रास दिले जाते आणि नोंदवहीत नुसते ‘टिटवी’ असे लिहिले, तर पुढे त्या नोंदीचा फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे या उन्हाळ्यात उजनी जलाशयाचा भिगवणकडचा काठ आणि बारामती तालुक्यातील सुप्याचे माळरान अशा दोन ठिकाणी ध्वनिमुद्रण करून, लोकांच्या तोंडचे हे नाव नेमक्या कोणत्या पक्ष्याला आणि कोणत्या आवाजाला लागू होते, हे तपासण्याचे काम मी हाती घेतले आहे.

पुस्तकात ज्यांना ताम्रमुखी आणि पीतमुखी टिटवी म्हणतात, त्या दोघींचेही पाय पिवळे असल्यामुळे पायांवरून ओळख पटवण्यात अर्थ नाही. ताम्रमुखीच्या डोळ्यापुढची मांसल कातडी लाल असते, चोच लाल पण टोकाला काळी असते आणि गळा व छाती काळी असते. पीतमुखी आकाराने लहान, अंगाने फिकट तपकिरी असून तिच्या काळ्या टोपीखाली पांढरी रेघ असते आणि डोळ्यापुढची कातडी पिवळी असून हनुवटीच्या दिशेने लोंबते. ताम्रमुखीला पाण्याची जवळीक आवडते, तर पीतमुखी कोरडे माळ, पडीक रान आणि कापणी झालेली शेते पसंत करते. भिगवणच्या काठावर, उन्हाळ्यात पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेराच्या जमिनीत मला फक्त ताम्रमुखी आढळली. सुप्याच्या माळावर मात्र दोन्ही असल्यामुळे तिथे प्रत्येक आवाजाबरोबर पक्षी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय मी नोंद पक्की करत नाही.

ध्वनिमुद्रणे मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणकप्रणालीत उघडून त्यांचे वर्णपटचित्र, म्हणजे आवाजाचा चढउतार वेळेनुसार दाखवणारे चित्र, पाहतो. ताम्रमुखीची हाक अनेक तुकड्यांची, चढउताराची आणि लांबणारी असते. इंग्रजांनी तीत ‘डिड ही डू इट’ हा प्रश्न ऐकला तो याच लांबीमुळे. पीतमुखीची हाक त्या मानाने आखूड आणि धारदार असते, परंतु घरट्याजवळ कोणी आले की तीही ‘टिट् टिट् टिट्’ असा भराभर आवाज काढते. म्हणजे हे नाव दोघींनाही शोभते, आणि लोकांनी दोघींना एकाच नावाने हाक मारली त्यात त्यांच्या कानांचा दोष नाही, असे मला मनापासून वाटते. गुजरातीतली टिटोडी, हिंदीतली टिटहरी आणि संस्कृतातला टिट्टिभ यांच्यातही तोच नाद आहे. मराठीत तर तो सातशे वर्षांहून जुना आहे : शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात, गीतार्थ सांगण्याच्या आपल्या धाडसाला ज्ञानदेवांनी चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटिभाची उपमा दिली आहे.

तमिळमधले नाव मात्र वेगळ्या वाटेने आले आहे. तिथे या पक्ष्याला ‘आळ्‌काट्टी’, म्हणजे माणूस दाखवून देणारा, असे म्हणतात. शिकारी असो, कोल्हा असो वा रात्री बांधावरून जाणारा वाटसरू असो, टिटवी सर्वांत आधी ओरडते आणि आसपासचे इतर पक्षी सावध होतात. रात्री टिटवी ओरडली की अशुभ घडते, ही समजूत आपल्याकडे अजूनही ऐकू येते आणि तिच्यामुळे या निरुपद्रवी पक्ष्याला हाकलले जाते, याचे मला फार वाईट वाटते. रात्रीच्या हाकेचे कारण बहुधा जवळपास वावरणारे कोणीतरी असते. म्हणून मी आता प्रत्येक रात्रीच्या ध्वनिमुद्रणासोबत वेळ, चंद्रप्रकाश आणि त्या वेळची हालचाल यांचीही नोंद ठेवतो.

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, सखल जागी घातली तर बेताचा, हा आडाखाही वहीत लिहून घेतला आहे. तो तपासायचा तर घरट्याची जागा, जवळच्या पाण्यापासूनची उंची आणि तारीख या तिन्ही गोष्टी अनेक हंगाम सातत्याने लिहाव्या लागतील. कारण काठावरच्या टिटवीला कोणती जमीन कोरडी मिळते, हे धरणाच्या पाणीपातळीवरही अवलंबून असते.

घरट्यांविषयी एक आग्रहाची विनंती आहे. उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात साधारणपणे चार अंडी, निमुळती टोके आत करून मांडलेली असतात, आणि मातीशी त्यांचा रंग इतका मिळतो की पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात, त्यांच्यावर सावली धरतात; भर दुपारी आपण जवळ उभे राहिलो, तर हेच काम थांबते. म्हणून हाक मुद्रित करायची असेल, तर सकाळी लवकर, दुरून आणि थोडाच वेळ करावी, मुद्रित आवाज पक्ष्याला परत ऐकवू नये, तसेच घरट्याचे नेमके ठिकाण कोणालाही कळवू नये.

पावसाळ्यानंतर माळावरच्या धनगरांकडून आणि काठावरच्या मच्छीमारांकडून या दोन पक्ष्यांसाठीचे वेगळे शब्द विचारून घेण्याचे काम सुरू करणार आहे. आपल्या भागात असे शब्द असतील, तर ते उच्चाराप्रमाणे लिहून, सोबत डोळ्यापुढच्या कातडीचा रंग आणि जमिनीचा प्रकार अवश्य नोंदवावा.