अडीच लाख डॉलर नकोत

दक्षिण शिकागोतल्या एका छोट्या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेच्या संचालिकेने आमच्या फाउंडेशनचे अडीच लाख डॉलर नाकारले, तेही विश्वस्तांची बैठक ज्या दिवशी होती त्याच दिवशी सकाळी फोन करून. इथल्या कला-अनुदानांचं काम मी बघते. पैसे कमी मिळाले म्हणून नाराज झालेली माणसं नेहमीच भेटतात. पैसे जास्त होतात म्हणून फोन करणारं माणूस मला नवीन होतं.

अमेरिकेत कलेला थेट सरकारी मदत फार थोडी. तिकीटविक्री सोडली तर भिस्त देणगीदारांवर आणि आमच्यासारख्या धर्मादाय फाउंडेशनांवर. हेलिकॉन कोलॅबोरेटिव्ह या संस्थेचा २०१७ चा अहवाल आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे: सर्वांत मोठ्या २ टक्के सांस्कृतिक संस्थांकडे देणग्या-अनुदानांचा ५८ टक्के पैसा जातो. म्हणजे ऑपेरा, सिम्फनी, मोठी म्युझियम्स. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी संस्था बहुतेक उरलेल्या गर्दीत. यामागे दरवेळी कुणाचा उघड द्वेष असतो असं नाही. आमच्याच अर्जात एक निरुपद्रवी दिसणारं कलम होतं: गेल्या वर्षीच्या बजेटच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येणार नाही. नव्वद लाखांचं थिएटर नऊ लाख मागू शकायचं आणि ऐंशी हजारवाले आठ हजार. परीक्षकांनी गुण कितीही देवोत. काल जो गरीब होता तो उद्याही गरीबच राहील, याची सोय एका ओळीत केलेली. ते कलम काढायला मला बरंच भांडावं लागलं होतं, आणि नव्या नियमातलं पहिलं मोठं अनुदान या बाईंचं होतं.

फोनवर काही कळेना, म्हणून गाडी काढून ब्रॉन्झव्हिलला, म्हणजे त्यांच्या कृष्णवर्णीय वस्तीत गेले. हा भाग मला आवडतो. इथल्या साउथ मिशिगन अव्हेन्यूवर साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आहे. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेच्या मदतीने १९४० साली एका जुन्या हवेलीत सुरू झालं, ते अजून चालू आहे. त्याच्या संस्थापकांपैकी मार्गारेट बरोज यांनी पुढे १९६१ मध्ये समोरच्या आपल्या घरातच कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं. या वस्तीत कुणी फाउंडेशनच्या चेकची वाट बघत बसलं नव्हतं.

बाई सत्तरीच्या. तालमीची जागा म्हणजे फर्निचरचं जुनं दुकान. त्यांनी मला खुर्ची दिली आणि हिशेबाची वही समोर ठेवली.

"एका वर्षात अडीच लाख कसे खर्च करू? माणसं नेमून. मग पुढच्या वर्षी त्यांना घरी पाठवायचं काम कोण करणार, तुम्ही?"

जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर, २०२० च्या उन्हाळ्यात, त्यांच्याकडे न मागता पैसे आले होते. त्यांनी दोघांना पगारावर घेतलं. मग फाउंडेशनांचं लक्ष दुसरीकडे वळलं आणि त्या दोघांना काढावं लागलं. वहीत ती नोंद त्यांनी बोट ठेवून दाखवली. मग विचारलं, "क्रॉसरोड्स माहीत आहे ना?"

माहीत होतं. १९९६ मध्ये नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी प्रिन्स्टनच्या भाषणात भर सभेत सुनावलं होतं की देशातल्या ६६ प्रमुख प्रादेशिक थिएटरांपैकी कृष्णवर्णीय म्हणावं असं एकच आहे. ते म्हणजे न्यू जर्सीतलं क्रॉसरोड्स. १९९९ ला त्याला नाट्यक्षेत्रातला मानाचा टोनी पुरस्कार मिळाला आणि २००० ला कर्जापायी काम थांबवावं लागलं. पुढे ते पुन्हा उभं राहिलं, पण ते टाळं बाई विसरल्या नव्हत्या.

वर करकायद्याचीही भीती होती. सार्वजनिक संस्था म्हणून मिळणारी सवलत टिकवायला पाच वर्षांच्या जमेतला साधारण एक तृतीयांश भाग जनतेकडून किंवा सरकारकडून आलेला दाखवावा लागतो. एकाच दात्याची रक्कम अंगावर आली की छोट्या संस्थेचं हे गणित बिघडू शकतं. सिम्फनीला ही चिंता करावी लागत नाही.

बाईंची मागणी एवढीच होती: एका वर्षात एका नाटकासाठी नकोत, तेवढेच पैसे पाच वर्षांत द्या, वर्षाला पन्नास हजार, आणि कशावर खर्च करायचे ते आम्ही ठरवू. "मला हीटिंगचा बॉयलर बदलायचाय. तो कुठल्या नाटकात बसवू?"

दुपारच्या बैठकीत पहिला अर्धा तास वकिलांनी खाल्ला. २०२४ च्या जूनमध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय महिलांसाठी राखीव असलेली एक अनुदान-स्पर्धा थांबवली होती. आधार कशाचा, तर १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो गुलामीतून सुटलेल्यांना संरक्षण द्यायला केला होता! तेव्हापासून आमच्या कागदांतून वंशाचा उल्लेख एकेक करून खोडला जातोय. 'ऐतिहासिकदृष्ट्या कमी निधी मिळालेल्या संस्था' असं काहीतरी गुळमुळीत लिहायचं.

मग माझा विषय. एक विश्वस्त म्हणाले, "एवढा पैसा पेलत नाही, म्हणजे त्यांची तेवढी क्षमताच नाही."

मी कोल्हापूरची. लायकीचा हा मुद्दा दर वर्षी ॲडमिशनच्या दिवसांत मी चहाच्या टपरीवर ऐकलाय; फक्त इथे तो सुटाबुटात होता. पण ज्या शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखीव केल्या, त्यांच्याच दरबारी अल्लादिया खाँसाहेब गवई म्हणून नोकरीला होते. खाँसाहेबांकडून कुणी एक वर्षाचा प्रकल्प लिहून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे अर्थात बोलले नाही. फायलीतलं एक पान सगळ्यांपुढे सरकवलं. शहरातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाला आम्ही वर्षानुवर्षं बिनअटीचं अनुदान देतो. त्यातून त्यांची वीजबिलंही भरली जातात आणि आम्ही कधी विचारलेलं नाही. "यांच्या बॉयलरबद्दल कुणाला शंका आहे का?" मी विचारलं. थोडी चुळबूळ झाली. अध्यक्षबाई हसल्या. ते विश्वस्त नाहीत हसले.

शेवटी तीन वर्षं मंजूर झाली, वर्षाला पन्नास हजार, बिनअट. उरलेले एक लाख 'पुढे विचार करू' या खात्यात गेले. वाद्यवृंदाच्या बाबतीत 'पुढे विचार करू' असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

संध्याकाळी बाईंना फोन केला. तीनच वर्षं म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या.

"बरं. चौथ्या वर्षाचा अर्ज आत्ताच पाठवला तर चालेल का? आणि पहिला चेक नोव्हेंबरच्या आधी मिळेल का, ते बघा. थंडी सुरू झाली की बॉयलरवाले भाव वाढवतात."