उसना पंप आणि वाकडी पऱ्हाटी

गेल्या जुलैच्या अखेरीस तुडतुड्यांमुळे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडू लागली आणि नेमका त्याच वेळी माझा फवारणीचा पंप बिघडला, म्हणून चुलतभावाकडून त्याचा बॅटरीवरचा पंप मागून आणला. त्याने तो साध्या पाण्याने दोनदा खळबळून दिला होता. फवारणीनंतर आठवड्याच्या आत शेंड्याची नवी पाने वेगळीच निघू लागली: तळहाताएवढ्या रुंद पानाऐवजी बोटांसारखी चिंचोळी, शिरा समांतर आणि पांढुरक्या, देठ पिळवटलेले. जुनी पाने मात्र जशीच्या तशी होती. दुकानदाराने हा चुरडा-मुरडा, म्हणजे पाने आकसण्याचा रोग, असल्याचे सांगून आणखी एक औषध दिले आणि मी तेही त्याच पंपाने फवारले, हे आज लिहितानाही लाज वाटते.

शेवटी चार शेंडे पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात नेले. तिथल्या तज्ज्ञांनी पाने पाहताच पहिला प्रश्न विचारला, ‘‘पंप कोणाचा होता?’’ भावाला विचारले, तेव्हा त्याने धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाजरगवतावर टू-फोर-डी, म्हणजे ३८ टक्क्यांचे इथाइल एस्टर मारल्याचे आठवले. १९४० च्या दशकापासून वापरात असलेले हे तणनाशक वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. ज्वारी, गहू, ऊस यांसारखी गवतवर्गीय पिके ते सहसा सोसतात; रुंद पानांची झाडे मात्र वेडीवाकडी वाढून मरतात, आणि कापूस व द्राक्ष त्याला इतके हळवे असतात की पंपाच्या नळीत व रबरी वायसरात राहिलेला अंशही पुरतो. शेतात परत येऊन पाहिले, तर पहिल्या टाकीने फवारलेली तासे, म्हणजे ओळी, सर्वांत वाकडी होती आणि पुढे विकृती कमी होत गेली होती. हे आधीच नजरेस यायला हवे होते.

उतारा असा कोणताच नव्हता. वाकडे शेंडे खुडले, दहा लिटर पाण्याला दोनशे ग्रॅम युरिया या प्रमाणात, या वेळी शेजाऱ्याच्या फक्त कीटकनाशकासाठी ठेवलेल्या पंपाने, फवारणी केली आणि डवरणी, म्हणजे कोळपणी, करून वाट पाहिली. साधारण तीन आठवड्यांनी बाजूच्या फांद्यांवर सरळ पाने दिसली. पहिल्या बहराच्या पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, मात्र गेल्याच, आणि त्या तासांची वेचणी लांबली.

भावाचा पंप तसाच परत करणे मनाला पटेना. धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकीत भरून थोडे नळी व नोझलमधून सोडले, उरलेले रात्रभर आतच ठेवले, सकाळी गाळणी आणि वायसर काढून घासले व तीनदा स्वच्छ पाणी फिरवले. मग त्यात साधे पाणी भरून विहिरीजवळच्या टोमॅटोच्या दोन रोपांवर मारले, कारण टोमॅटोही या औषधाला तितकाच हळवा असतो. चौथ्या दिवशी एका रोपाचा शेंडा किंचित वळला. सगळी धुलाई पुन्हा केली, नव्या दोन रोपांवर पाणी मारले आणि ती दहा दिवस सरळ राहिल्यावरच पंप भावाच्या घरी पोचवला.